संगणकाबरोबर येणारा ब्राउझर आणि शेतकऱ्याचें दफ्तर

ज्याच्या नांवावर जमीन आहे, त्यास वर्षांतून दोन-चार वेळां तरी सरकारी दफ्तराशीं काम पडतेंच. कर्ज काढावयाचें तर सात-बाराचा उतारा लागतो. भावाभावांत वांटणी करावयाची तर आठ-अ लागतो. पिकाचा विमा उतरावयाचा तर पुन्हां तोच उतारा. पूर्वीं हीं कागदपत्रें चावडींत तलाठ्याच्या दफ्तरांत असत. आतां तीं संगणकांत गेलीं आहेत. संगणकांत गेलीं म्हणजे दूर गेलीं असें मात्र नव्हे. उलट तीं आपल्या घरच्या मेजापर्यंत येऊन पोंचलीं आहेत. परंतु त्या दफ्तराचें दार ज्यास उघडतां येतें, त्यालाच तें जवळ झालें आहे. ज्यास उघडतां येत नाहीं, त्यास पूर्वीप्रमाणेंच दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. आणि त्या दुसऱ्याच्या हातीं आपला गट क्रमांक, मोबाईलचा क्रमांक व कधीं कधीं बँकेनें पाठविलेला ओटीपीसुद्धां बिनदिक्कत जातो.

प्रस्तुत लेखकाचा नोकरींतील सारा काळ महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. त्या काळांतील अनुभव असा कीं, जमीनदाराचें नुकसान कायद्याच्या अज्ञानानें होई त्याहून अधिक, कागद स्वतः न वाचतां दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबल्यानें होई. आतां कागदाची जागा पडद्यानें घेतली आहे, परंतु नियम तोच आहे. म्हणून संगणकाबरोबर आयताच मिळणारा ब्राउझर कसा वापरावा, आणि त्याच्या साह्यानें आपला कागद आपण कसा वाचावा, हें या लेखांत क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे. यांत यंत्रविद्येचें अवडंबर कांहीं नाहीं. ज्यास खतावणी वाचतां येते त्यास हेंहि येईल.

ब्राउझर म्हणजे काय

इंटरनेट म्हणजे जगभरांतील असंख्य संगणकांची एकमेकांशीं असलेली जोडणी. त्यांपैकीं कांहीं संगणकांवर लोकांनीं पाहावीं म्हणून पानें ठेविलेलीं असतात. अशा एका धन्याच्या पानांच्या समूहास संकेतस्थळ म्हणतात. आपण पत्ता सांगावा, आणि त्या पत्त्यावरील पान मागवून आपल्या पडद्यावर मांडावें, हें काम करणारी जी योजना संगणकांत असते, तिचें नांव ब्राउझर. जुन्या कचेरींत फडताळांतून हवें तें बाड काढून आणणारा शिपाई असे, तसाच हा समजावा. बाड त्याचें नव्हे, त्यांतील मजकूरहि त्याचा नव्हे. सांगितलेल्या जागेहून तो आणून देतो, इतकेंच. जागा चुकीची सांगितली तर बाडहि चुकीचेंच येईल. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

पहिला ब्राउझर १९९० सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली या गृहस्थांनीं तयार केला. आणि १९९३ च्या एप्रिल महिन्यांत त्या संस्थेनें ही विद्या कोणतेंहि मूल्य न घेतां सर्व जगास खुली केली. आज पानें पाहण्यासाठीं ब्राउझर विकत घ्यावा लागत नाहीं, याचें मूळ तेथें आहे. १९९५ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'इंटरनेट एक्स्प्लोरर' काढला. आपल्याकडील कचेऱ्यांत तो वर्षानुवर्षें वापरांत होता. कंपनीनें तो १५ जून २०२२ पासून बंद केला आहे. जुन्या माहितीपत्रकांत कोठें त्याचें नांव आढळल्यास तो शोधीत बसूं नये. त्याची जागा 'एज' या ब्राउझरनें घेतली आहे. एज प्रथम २०१५ सालीं विंडोज १० बरोबर आला व २०२० च्या जानेवारींत नव्या घडणीनें पुन्हां काढला गेला. विंडोजच्या नव्या संगणकावर तो आधींच बसविलेला असतो. ॲपलच्या संगणकावर त्याच्या जागीं 'सफारी' असतो, व उबुंटू प्रणालीच्या संगणकावर 'फायरफॉक्स'. नांवें निरनिराळीं असलीं तरी रीत बहुतेक एकच. शेतकऱ्यांच्या घरीं व गांवच्या सेवा केंद्रांत बहुधा विंडोजच आढळते, म्हणून खालील वर्णन एजला धरून केलें आहे.

येथें एक सूचना अवश्य करावीशी वाटते. कामापुरता ब्राउझर संगणकांत आहेच. तेव्हां 'अमुक बसवून घ्या, त्याशिवाय तुमचा उतारा उघडणार नाहीं' असें कोणी फोनवरून सांगूं लागल्यास त्याचें ऐकूं नये. दुसरा ब्राउझर हवा असल्यास तो त्याच्या मूळ धन्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा; कोणी पाठविलेल्या दुव्यावरून कधींहि घेऊं नये.

प्रथम उघडतांना

पडद्याच्या तळाशीं जी लांब पट्टी असते, तींत निळ्या-हिरव्या लाटेसारखी एक वाटोळी खूण दिसेल. तीच एजची खूण. तिच्यावर माऊसनें एकदां टिचकी मारतांच खिडकी उघडते. अगदीं प्रथम उघडतांना कांहीं प्रश्न विचारले जातात. मायक्रोसॉफ्टचें खातें जोडावयाचें काय, दुसऱ्या ब्राउझरमधील माहिती इकडे आणावयाची काय, अशा प्रकारचे ते असतात. खातें जोडणें सक्तीचें नाहीं. न जोडतां पुढें जातां येतें. संगणक एकट्याचा असेल तरच जोडण्याचा विचार करावा. घरांत चार माणसें तोच संगणक वापरीत असतील तर न जोडणें बरें.

उघडलेल्या पहिल्या पानावर बातम्या, चित्रें व जाहिराती यांची गर्दी असते. बाजारच्या दिवशीं वेशींत ओरडणाऱ्या विक्रेत्यांप्रमाणें तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढें जावें. ती नकोच असेल तर त्याच पानावर वर उजवीकडे दांतेरी चक्राची एक खूण आहे, तेथून ती बंद करितां येते.

पडद्यावरील मुख्य जागा

खिडकींत पुष्कळ खुणा दिसतात, परंतु नित्याच्या कामास सात पुरेशा आहेत.

पहिली, पत्त्याची पट्टी. खिडकीच्या वरच्या भागांत आडवी व सर्वांत लांब अशी ही पट्टी असते. तींत संकेतस्थळाचा पत्ता रोमन लिपींत, मध्यें जागा न सोडतां लिहावा व कळफलकावरील 'एंटर' दाबावें. पत्ता ठाऊक नसेल तर शोधावयाचे शब्द मराठींतहि लिहितां येतात. मराठी कळफलक संगणकांत बसविलेला असेल तर विंडोजची कळ धरून लांब मोकळी कळ दाबली कीं भाषा बदलते.

दुसरी, डावीकडे तोंड असलेला बाण. चुकून भलत्या पानावर गेल्यास या बाणानें मागील पानावर येतां येतें. तिसरी, वाटोळा फिरलेला बाण. पान अर्धवट उघडलें तर यावर टिचकी मारावी, म्हणजे तें पुन्हां मागविलें जातें. मात्र पैसे भरण्याचें काम चाललें असतां या दोन्ही बाणांस हात लावूं नये. रक्कम दोनदां कापली जाण्याचा किंवा काम अर्धवट राहण्याचा संभव असतो.

चौथी, अधिकाची खूण. ही वरच्या कडेस असते. हिच्यायोगें त्याच खिडकींत दुसरें पान उघडतें; पहिलें तसेंच राहतें. अशा प्रत्येक पानाच्या टोंकास 'टॅब' म्हणतात. एकीकडे उतारा व दुसरीकडे बाजारभाव असें ठेवून आळीपाळीनें पाहतां येतें.

पांचवी, चांदणी. ही पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोंकास असते. जें पान पुन्हां पुन्हां लागतें, तें उघडें असतां या चांदणीवर टिचकी मारली म्हणजे त्याचा पत्ता जपून ठेविला जातो. कंट्रोल ही कळ धरून 'डी' दाबल्यानेंहि हेंच होतें. या चांदणीचें महत्त्व पुढें सांगावयाचें आहे.

सहावी, उजव्या कोपऱ्यांतील तीन ठिपके. पूर्वीं पाहिलेल्या पानांची यादी, उतरवून घेतलेल्या फायली, छपाई व सेटिंग्ज हें सर्व त्यांच्या पोटांत आहे. सातवी, वर उजवीकडील फुली. तिनें खिडकी बंद होते.

ज्यांची दृष्टि मंद झाली आहे त्यांनीं कंट्रोल धरून अधिकाची कळ दाबावी. अक्षरें मोठीं होतात. उण्याची कळ दाबल्यास तीं लहान होतात. शिवाय एजमध्यें पान मोठ्यानें वाचून दाखविण्याची सोय आहे. कंट्रोल व शिफ्ट धरून 'यू' दाबावें. मराठी पानहि त्यास वाचतां येतें. वृद्ध वाचकांस ही सोय उपयोगी पडेल.

पत्ता कसा वाचावा

आतां या लेखांतील मुख्य मुद्द्याकडे वळूं. ब्राउझरमधील इतर सर्व गोष्टी विसरल्या तरी चालेल; पत्ता वाचण्याची कला मात्र विसरूं नये. कचेरींत आलेल्या कागदावरील मजकूर वाचण्यापूर्वीं शिक्का कोणाचा व सही कोणाची हें पाहण्याची रीत आहे. पडद्यावरील पानास शिक्का नसतो. अशोकस्तंभाचें चित्र, मंत्र्यांचीं छायाचित्रें, खात्याचें नांव हें सारें कोणालाहि आपल्या पानावर छापतां येतें. छापतां येत नाहीं तो केवळ पत्ता. म्हणून पानाची परीक्षा चित्रावरून न करितां पत्त्यावरून करावी.

टपालाचा पत्ता लिहितांना आपण आधीं मुक्काम, मग तालुका व शेवटीं जिल्हा लिहितों. संकेतस्थळाचा पत्ताहि तसाच असतो, लहानापासून मोठ्याकडे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा पत्ता 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. त्यांत शेवटचें 'इन' म्हणजे भारत. त्याच्या आधींचें 'जीओव्ही' म्हणजे सरकार. आणि सर्वांत पहिलें तें त्या योजनेचें नांव. टपाल खातें जसें प्रथम जिल्हा पाहतें, तसा हा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचावा. 'जीओव्ही डॉट इन' हा शेवट केवळ सरकारी संस्थांसच दिला जातो. खासगी माणसास तो घेतां येत नाहीं.

लबाड लोक काय करितात, तर 'जीओव्ही' किंवा 'किसान' हीं अक्षरें पत्त्याच्या आरंभीं वा मध्यें घुसडून देतात, आणि शेवट 'डॉट कॉम', 'डॉट ऑनलाइन' अशा भलत्याच शब्दानें करितात. डावीकडून वाचणारा फसतो. उजवीकडून वाचणारा वांचतो. पत्ता लांबलचक असेल तर त्यांतील पहिली एकेरी तिरपी रेघ कोठें आहे तें पाहावें. त्या रेघेच्या लगेच डावीकडील शब्द हेच खरे. रेघेच्या उजवीकडे कांहींहि लिहिलेलें असलें तरी त्यास किंमत नाहीं. आरंभीं 'एचटीटीपीएस' या अक्षरांपुढें दोन तिरप्या रेघा एकत्र असतात, त्या या हिशोबांत धरूं नयेत.

पत्त्याच्या डावीकडे कुलुपाची लहान खूण दिसते. तिच्याविषयीं पुष्कळांचा गैरसमज आहे. कुलूप आहे म्हणजे पान सरकारी किंवा प्रामाणिक आहे, असा अर्थ नव्हे. आपण लिहिलेला मजकूर वाटेंत तिसऱ्यास वाचतां येणार नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. पाकीट चिकटवून बंद केलें, परंतु तें लबाडाच्याच पत्त्यावर पाठविलें, तर बंद पाकिटाचा उपयोग काय? कुलूप नसेल तेथें परवलीचा शब्द किंवा पैशाची माहिती कधींच देऊं नये. परंतु कुलूप आहे म्हणून निर्धास्तहि राहूं नये.

शब्द लिहून शोध केला असतां उत्तरादाखल जी यादी येते, तींत पहिलीं एक-दोन नांवें पुष्कळदां पैसे देऊन वर आणलेल्या जाहिरातींचीं असतात. त्यांच्याजवळ बारीक अक्षरांत 'प्रायोजित' अशा अर्थाचा शब्द असतो. पहिलें नांव तेंच खरें, असें समजूं नये. यासाठींच चांदणीचें महत्त्व. एकदां खात्रीनें खरा पत्ता लिहून पान उघडावें, चांदणीनें तें जपून ठेवावें, आणि पुढें प्रत्येक वेळीं तेथूनच जावें. म्हणजे शोधण्याचा आणि फसण्याचा, दोन्ही प्रसंग टळतात.

एक उदाहरण: सात-बारा पाहणें

आतां वरील ज्ञानाचा उपयोग करून पाहूं. पत्त्याच्या पट्टींत 'भूलेख डॉट महाभूमि डॉट जीओव्ही डॉट इन' हा पत्ता रोमन अक्षरांत लिहावा. तेथें विभाग, जिल्हा, तालुका व गांव हीं क्रमानें निवडावयाचीं असतात. त्यानंतर गट किंवा सर्व्हे क्रमांक, अथवा खातेदाराचें नांव द्यावें. मोबाईलचा क्रमांक मागितला जातो. पडद्यावर वेडींवांकडीं अक्षरें दिसतात, तीं पाहून जशींच्या तशीं लिहावीं. विचारणारा मनुष्य आहे, यंत्र नव्हे, याची ती परीक्षा असते. यानंतर उतारा पडद्यावर दिसतो. यास पैसे पडत नाहींत. मात्र हा उतारा केवळ माहितीसाठीं आहे. कचेरींत किंवा कोर्टांत तो चालत नाहीं.

कामकाजासाठीं लागणारा उतारा डिजिटल सहीचा असतो. ही सोय महाराष्ट्र सरकारनें १ मे २०१८ रोजीं सुरू केली. त्यासाठीं 'डिजिटलसातबारा डॉट महाभूमि डॉट जीओव्ही डॉट इन' हें स्थळ आहे. यांतील 'सातबारा' हा शब्द रोमन लिपींत 'सतबारा' असा, म्हणजे पहिल्या 'स'पुढें एकच 'ए' देऊन, लिहावा. एका सात-बाराच्या उताऱ्यास १५ रुपये पडतात, व रक्कम आगाऊ जमा करावी लागते. या उताऱ्यावर तलाठ्याची शाईची सही किंवा शिक्का लागत नाहीं. त्यावरील पडताळणी क्रमांकावरून बँकेस किंवा कचेरीस तो खरा कीं खोटा हें पाहतां येतें.

उतरवून घेतलेली फाईल कोठें गेली, हा प्रश्न नवख्यास हमखास पडतो. कंट्रोल धरून 'जे' दाबावें. उतरविलेल्या सर्व फायलींची यादी दिसते. छपाई करावयाची असल्यास फाईल उघडून कंट्रोल धरून 'पी' दाबावें. छापण्याचें यंत्र घरीं नसेल तर फाईल पेन ड्राइव्हमध्यें घेऊन दुसरीकडे छापून आणावी. टिचकी मारूनहि उतारा उघडत नसेल तर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोंकास नवी खिडकी अडविल्याची खूण दिसते काय तें पाहावें. या खात्रीच्या स्थळापुरती परवानगी द्यावी.

उतारा हातीं आल्यावर तो फायलींत ठेवून देऊं नये, वाचावा. नांवांचें लेखन बरोबर आहे काय, क्षेत्राचे हेक्टर व आर जुन्या उताऱ्याशीं जुळतात काय, फेडलेल्या कर्जाचा बोजा इतर हक्कांत अद्याप तसाच राहिला आहे काय, आणि उताऱ्याच्या तळाशीं एखादा फेरफार प्रलंबित असल्याचें लिहिलें आहे काय, या चार गोष्टी अवश्य पाहाव्या.

चावडीवरील नोटीस आतां घरीं

शेवटच्या गोष्टीविषयीं थोडें अधिक लिहिणें जरूर आहे. जमिनीच्या हक्कांत बदल झाला म्हणजे त्याची नोंद फेरफाराच्या नोंदवहींत, म्हणजे गांव नमुना ६ मध्यें, होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या १५० व्या कलमाप्रमाणें त्या नोंदीची प्रत चावडींत लावावी लागते आणि संबंध असलेल्या लोकांस लेखी कळवावें लागतें. हरकत घेण्यास १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली तर ती नमुना ६-अ मध्यें लिहून तिचा निकाल केला जातो. न आली तर नोंद प्रमाणित होण्याचा मार्ग मोकळा होतो.

ज्यांची शेती गांवीं आणि वास्तव्य पुण्या-मुंबईस, त्यांच्या बाबतींत चावडीवरील कागद त्यांनीं पाहावा कसा? नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, शेजाऱ्यानें घेऊन ठेविली, कीं पंधरा दिवस सरतात. एकदां प्रमाणित झालेली नोंद फिरवावयाची म्हणजे अपील करावें लागतें. त्यांत वेळ व पैसा दोन्ही जातात. बहिणीचा हक्क वगळून केलेली वारसनोंद किंवा सामायिक जमिनीची एकानेंच केलेली विक्री, असे वाद बहुधा याच पंधरा दिवसांच्या गाफीलपणांतून वाढतात.

यासाठीं डिजिटल सात-बाराच्या त्याच स्थळावर 'आपली चावडी' या नांवाचें पान आहे. तेथें जिल्हा, तालुका व गांव निवडलें म्हणजे त्या गांवांत चालू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात. घरांत किंवा भावकींत मृत्यु, वांटणी अथवा विक्रीची बोलणी झालीं असतील, तर पुढील कांहीं महिने दर आठवड्यास हें पान पाहावें. आपला गट क्रमांक तेथें दिसला आणि व्यवहार आपल्या संमतीचा नसला, तर लागलीच लेखी हरकत तलाठ्याकडे देऊन तिची पोंच घ्यावी. ब्राउझर शिकण्याचा याहून मोठा उपयोग जमीनदारास दुसरा सांगतां येणार नाहीं. पांच मिनिटांचें काम, परंतु त्यावर पिढीजात जमीन टिकते.

दुसऱ्याचा संगणक वापरतांना

गांवच्या सेवा केंद्रांत किंवा नातलगाच्या घरीं काम करावयाचें असेल तर कंट्रोल व शिफ्ट धरून 'एन' दाबावें. एक निराळी खिडकी उघडते. तिला 'इनप्रायव्हेट' म्हणतात. तींत पाहिलेलीं पानें व भरलेली माहिती, अशा सर्व खिडक्या बंद केल्यावर त्या संगणकाच्या यादींत उरत नाहीं. मात्र उतरवून घेतलेली फाईल मागें राहते. ती आपल्या हातानें काढून टाकावी. काम संपल्यावर खात्यांतून बाहेर पडण्याचें बटण दाबूनच उठावें.

परवलीचा शब्द लिहिला कीं ब्राउझर 'हा जपून ठेवूं काय' असें विचारतो. संगणक दुसऱ्याचा किंवा सामायिक असेल तर नाहीं म्हणावें. तसेंच अनेक संकेतस्थळें 'आम्हांस सूचना पाठवूं द्या' अशी परवानगी मागतात. सवयीनें होकार दिल्यास पुढें पडद्याच्या कोपऱ्यांत जाहिरातींचा व खोट्या इशाऱ्यांचा भडिमार सुरू होतो. 'तुमच्या संगणकांत विषाणु शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा' असें लिहिलेलें पान अचानक उघडलें तर तें खोटें समजून खिडकी बंद करावी. फोन करूं नये.

एज स्वतःची दुरुस्ती वेळोवेळीं आपोआप करून घेतो. त्यासाठीं तो मधूनमधून बंद करून पुन्हां उघडणें तेवढें लागतें. ज्यांच्या संगणकावर अद्याप विंडोज १० आहे त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, त्या प्रणालीची नेहमींची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आहे. पैशाचे व्यवहार त्यावर करावयाचे असतील तर जाणत्याच्या सल्ल्यानें पुढील व्यवस्था लवकर करावी.

फसवणूक झाल्यास

हप्ता अडकला आहे, केवायसी संपली आहे, अनुदान मंजूर झालें आहे, अशा मजकुराचे निरोप व्हॉट्सॲपवर दुव्यासह येतात. निरोपांतील दुव्यावर टिचकी न मारतां, चांदणीनें जपून ठेविलेल्या पत्त्यावरून जाऊन स्वतः खात्री करावी. निरोपाबरोबर आलेली फाईल मोबाईलमध्यें बसवूं नये. ओटीपी म्हणजे आपली सही. कोऱ्या कागदावर सही करून देण्यास जो तयार होणार नाहीं, त्यानें ओटीपीहि कोणास सांगूं नये. इतकें करूनहि खात्यांतून पैसे गेले, तर लाजेनें किंवा चर्चेंत वेळ घालवूं नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा व बँकेस कळवावें. तक्रार 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' येथेंहि नोंदवितां येते. जितक्या लवकर कळविलें जाईल, तितका रक्कम वाटेंत अडविण्याचा संभव अधिक.

हें सर्व एका दिवसांत साधेल असें नाहीं, आणि तशी घाईहि नको. पहिल्या दिवशीं एज उघडून अक्षरें मोठीं करण्याचा व मागें-पुढें जाण्याचा सराव करावा. दुसऱ्या दिवशीं भूलेखाचा पत्ता स्वतः लिहून आपला उतारा पाहावा व चांदणी लावावी. तिसऱ्या दिवशीं आपली चावडी उघडून गांवच्या नोटिसा वाचाव्या. नंतर 'ॲगमार्कनेट डॉट जीओव्ही डॉट इन' येथें आपल्या मालाचे निरनिराळ्या बाजारांतील भाव पाहण्यास हरकत नाहीं. घरांतील मुलानें किंवा मुलीनें साह्य केल्यास उत्तमच. मात्र माऊस आपल्या हातीं ठेवावा आणि त्यांनीं शेजारीं बसावें. दुसऱ्यानें करून दाखविलेलें दुसऱ्या दिवशीं आठवत नाहीं, आणि स्वतःच्या हातानें केलेलें विसरत नाहीं. ज्या घरांत जमिनीचे कागद वाचणारीं निदान दोन माणसें आहेत, आणि त्यांतील एक घरची सून किंवा मुलगी आहे, त्या घराची जमीन सहजासहजीं कोणी फिरवूं शकणार नाहीं.